धोंडाबाईची मुऱ्हाळी

पाच मे. ऊन चढायच्या आत चीक हाटून झाला होता आणि मी गच्चीवर धुतलेलं धोतर पसरून सोऱ्यानं कुरडया घालत होते. माझ्या नणंदेकडे मी एकच काम सोपवलं होतं: काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकायचे. दुसरी ओळ धरून मी मान वर केली, तर कावळे पहिल्या ओळीवर निवांत बसले होते, काठी तिच्या मांडीवर आडवी होती, आणि यजमानीण पंगतीकडे बघते तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

"ताई, काठी!"

"खाऊ दे ना वयनी. कुठून कुठून आले असतीन बिचारे."

मी उठून कावळे हाकले. ती आभाळाकडे बघत राहिली आणि मग, बाजारातून कोथिंबीर आणायची असल्यासारखं म्हणाली, "परवा अकोल्याले जातो म्हणतो. धोंडीले घ्यायले."

धोंडी म्हणजे धोंडाबाई. आमच्या गावची लेक, अकोल्याच्या जुन्या शहरात एका वकिलाला दिलेली, आणि माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी वारलेली. हे माझ्या नणंदेला माहीत नव्हतं असं नाही. तिला ती अडचण वाटत नव्हती, इतकंच.

माझी नणंद या जगात राहत नाही, फक्त जेवायला येते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. लग्न होऊन मी नांदगाव खंडेश्वरजवळच्या या गावात आले, त्या दिवसापासून ती याच घरात आहे, आणि घरात असूनही ती नेमकी कुठे आहे हे मला कधी कळलेलं नाही. चहाचं आधण ठेवून ती 'उकळेपर्यंत' म्हणून अंगणात जाते आणि पातेलं काळं झाल्यावर परत येते. दळण घेऊन गिरणीवर जाते आणि वाटेत कोणाचं मूल खेळताना दिसलं तर तिथेच बसते. पीठ गिरणीवाल्याच्या पोराबरोबर घरी येतं, ती अंधार पडल्यावर. तिचं लग्न झालं होतं. मूर्तिजापूरकडच्या एका जिनिंगच्या गावी ती गेली आणि दीडेक वर्षात परत आली. का आली ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. फारच विचारलं तर म्हणे, "तिथी आंगनातून आभाळ दिसत नव्हतं." सासूबाई सांगत की जावई दोनदा न्यायला आले, दोन्ही वेळा ही शेतातल्या मचाणावर जाऊन बसली, आणि मग ते यायचे थांबले. पुढे तिनं गावात बालवाडी चालवली. तिच्या बालवाडीतली मुलं बाराखडीच्या आधी ढगांची नावं शिकत, आणि ती नावं तिचीच असत: हा सुपडा, हा म्हसोबा, ही सासू. आजही आमच्या गावातले मिशीवाले बाप्ये पावसाकडे डोळे लावून "सासू आली, पण बरसत नाही" म्हणतात, ते तिच्यामुळे.

सगळं गाव तिला आत्याबाई म्हणतं. गावात बाई असते ती एक तर कोणाची सून असते, नाही तर चार दिवस पाहुणी आलेली लेक. ही कायमची मुक्कामाला असलेली लेक. तिच्यासाठी दुसरं नाव कोणाला सुचलं नाही.

एकदा मी तिला अमरावतीहून शेंगदाण्याचं तेल आणायला पाठवलं. ती गेली, आणि त्या रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशी माझा नवरा अमरावतीच्या स्टँडवर जाऊन चौकशी करून आला. तिसऱ्या दिवशी ही हसत हसत दारात उभी. तेलाचा डबा रिकामा, पदराला कसल्याशा बियांची पुरचुंडी. म्हणे स्टँडवर चिखलदऱ्याची गाडी लागली होती आणि आभाळातले सगळे ढग त्याच बाजूला चालले होते. "म्या म्हणलं, एवढे जण चालले, आपणबी जाऊन पाहावं." बिया कॉफीच्या होत्या, तिकडे कोणीतरी दिल्या होत्या. तिनं त्या हरभऱ्यासारख्या मीठ घालून उकडल्या आणि आम्हा सगळ्यांना वाटीवाटीनं दिल्या. माझ्या नवऱ्यानं बहिणीच्या प्रेमापोटी अर्धी वाटी खाल्ली आणि रात्रभर अंगणात फेऱ्या मारल्या.

अशा बाईच्या डोक्यात धोंडाबाई कधी शिरली ते सांगता येत नाही. मूळ गोष्ट गावात सगळ्यांनाच माहीत होती, पण दोन ओळींची. इंग्रजांच्या काळात बायांना मताचा हक्क नव्हता. तो मिळावा म्हणून धोंडाबाईनं एक अर्ज केला आणि त्यावर बायांचे सह्या-अंगठे घ्यायला ती दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, बसून गावोगाव फिरली. फिरत फिरत स्वतःच्या माहेरी आली, तेव्हा तिचा बाप, म्हणजे त्या वेळचे पाटील, शिवेवर आडवे उभे राहिले. चावडीचं काम करणारी लेक आपल्याला नाही, म्हणाले. दमणी पाण्याच्या घोटाशिवाय परत फिरली. त्यानंतर तिला आणायला माहेरून कोणी गेलं नाही. पुढे बायांना मत मिळालं, आमच्या गावच्या बायाही मत द्यायला लागल्या, पण धोंडाबाईला परत बोलवावं हे कोणाला आठवलं नाही.

एवढंच. बाकी सगळं माझ्या नणंदेचं. दमणीच्या बैलांची नावं तिला ठाऊक होती. धोंडाबाईला ठेचा तिखट लागे की कमी, हेही ठाऊक होतं. तिची आवडती गोष्ट पहिल्या मतदानाची. अकोल्यात बायांना पहिल्यांदा मत द्यायचं होतं, पण घरातून सोडणार कोण? तेव्हा धोंडाबाईनं घरोघर आमंत्रण दिलं की अमुक शाळेत हळदीकुंकू आहे. हळदीकुंकवाला नाही कसं म्हणायचं? बाया नटूनथटून आल्या, शाळेच्या एका खोलीत कुंकू लावून घेतलं आणि शेजारच्या खोलीत मत देऊन घरी गेल्या.

"आणि विधवा बाया, ताई? त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावतं?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

ती क्षणभरही थांबली नाही. "त्याहिले कीर्तन हाय म्हणून सांगतलं."

यातलं खरं किती, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. पण मतदानाच्या दिवशी माझी नणंद पूर्ण जागी असे, हे मात्र माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. वर्षभर उलटी चप्पल घालणारी बाई त्या दिवशी पहाटे न्हाऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून, शाळेचं दार उघडायच्या आधी रांगेत. मत देऊन घरी येत नसे. बाहेर लिंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारी, "कोनाले देल्लं ते नोको सांगू. देल्लं का ते सांग." एकदा नवीन आलेल्या अधिकाऱ्यानं तिला हटकलं, तुम्ही कोणाच्या एजंट म्हणून. ही म्हणाली, "धोंडीची." त्या भल्या माणसानं आत जाऊन उमेदवारांच्या यादीत धोंडी शोधली.

मी सांगते आहे ती वर्षं आमच्याकडे कठीण होती. पावसाचा भरवसा नाही, कापसाला भाव नाही, आणि घराघरात एक प्रकारची शांतता. गावात पाहुणे मात्र पुष्कळ येत. पत्रकार येत, समित्या येत, कॅमेरेवाल्यांच्या गाड्या येत. फक्त लेकी येत नसत. आमच्याकडे उन्हाळ्यात लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी गेला की लेक येणार, चार दिवस राहणार, जाताना तिला लुगडं करावं लागणार, जावयाला टोपी-उपरणं करावं लागणार. त्या वर्षांत मुऱ्हाळी जायचे बंद झाले. भाऊ विषय काढत नसत आणि बहिणीही शहाण्या, त्या वाट बघत नाहीत असं दाखवत. मी स्वतः चार उन्हाळे पातूरकडे, माझ्या माहेरी, गेले नव्हते. भावाला कशाला भार, असा माझा व्यवहार. फोनवर म्हणायची, "मलेच टाइम नाही रे." तो म्हणायचा, "हो ना, तुले कुठचा टाइम." दोघंही खोटं बोलायचो आणि दोघांचंही भागायचं.

माझ्या नणंदेला हे सगळं दिसत होतं, हे मला उशिरा कळलं. तिनं आधी सरळ रस्ता धरला. पंचायतीत गेली. त्या वेळी बायांचं आरक्षण असल्यानं सरपंच होती पाटलांच्याच घरातली धाकटी सून, गुणी आणि मुकाट. ती सह्या करी, बोलायचं काम तिचा नवरा करी. माझ्या नणंदेनं मागणी केली: धोंडाबाईचा गावानं मान करावा.

सरपंचाच्या नवऱ्याला ही कल्पना फार आवडली. "करू ना आत्या! मस्त फ्लेक्स लावू शिवेवर. भाऊले बोलवू." भाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी. आठ दिवसांत फ्लेक्स छापून आला. वर भाऊ, खाली सरपंचाचा नवरा, भोवती त्याचे मित्र, आणि एका कोपऱ्यात नऊवारी नेसलेली, हसरी, ठसठशीत बाई. धोंडाबाईचा फोटो कुठेच नव्हता, म्हणून छापणाऱ्यानं मिळाला तो घातला होता. माझी नणंद जवळ गेली, लांब गेली, मान वाकडी करून बघितलं.

"हे आमची धोंडी नाही बाप्पा. हे तर मसाल्याच्या पुडीवरची बाई हाय."

"आत्या, एवढं कोन पाहते?"

"धोंडी पाहीन ना."

त्याच संध्याकाळी ती ओसरीवर माझ्याजवळ बसली. मी लसूण सोलत होते. ती बराच वेळ गप्प होती, आणि ती गप्प असली की मी पातेलं तपासते. पण चुलीवर काही नव्हतं. मग म्हणाली, "वयनी, बोर्डानं काय होते वं? तिले हाकललं होतं शिवेवरून. हाकलल्या लेकीचा बोर्ड लावाचा का तिले घरी आणाचं?"

"ताई, ती गेली. कधीची गेली."

"मले मालूम हाय. पण घ्यायले कोनी गेलं नाही, हे तर अजून तसंच हाय ना? आज तिले कोनी घ्यायले गेलं नाही, उद्या कोनालेच कोनी जाणार नाही. गावाले लेकी नसल्या तर मी इथी कोन हो?"

मी लसूण खाली ठेवला. इतकी वर्षं या घरात तिला सगळं होतं, पण तिला आणायला कधी कोणी गेलं नव्हतं, कारण ती इथेच होती. गावात लेकीचा हक्क उरला नाही तर तिच्या पायाखालची जमीनच गेली, हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं. आणि पाच मेला कावळ्यांना जेवू घालता घालता तिनं निकाल दिला: परवा जायचं. मुऱ्हाळी ती स्वतः. सरपंचाच्या नवऱ्याला हे कळलं तसा धोंडाबाईचा कोणी नातू येणार असं धरून तो शिवेवर मंडप घालायला आणि भाऊंना बोलवायला लागला; नणंदेनं त्याला फक्त फ्लेक्स काढायला सांगितलं.

तिला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. ढग कुठे जातील याचा काय भरवसा. मी बरोबर निघाले. पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली. तिच्या पिशवीत नारळ, खण, आणि तिच्या बालवाडीच्या पगारातलं, कधीचं घेऊन ठेवलेलं हिरवं इरकली लुगडं. मूर्तिजापूरला गाडी बदलली. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात थरथरत होती, त्यांच्यावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं, आणि माझी नणंद म्हणत होती, "पाह्य, पाह्य, धोंडीची दमणी याच रस्त्यानं आली असन." मी म्हटलं, बैलगाडीचा रस्ता वेगळा असणार. ती म्हणाली, "तू पाहू नोको, मी पाहतो."

अकोल्यात मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गल्लीला गल्ली फुटत होती. माझ्या डोक्यात एकच विचार: घर सापडू नये, रसवंतीवर रस पिऊन दुपारच्या गाडीनं परतावं. पण वकिलाचं जुनं घर तिसऱ्या माणसालाच माहीत निघालं. खाली गादीवाल्याचं दुकान होतं. आत कापूस पिंजत होते, आणि कापसाचे तंतू दारातून येणाऱ्या उन्हात इतके सावकाश तरंगत होते की माझी नणंद उंबऱ्यातच थबकली. ढग घरात राहतात असं घर तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

दुकानदारानं आईला हाक मारली. जिन्यावरून एक गोऱ्या, कृश, सत्तरीच्या बाई उतरल्या. त्या हमीदाबी. त्यांनी आम्हाला आधी बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, कुठून आलात, कोणाकडे.

माझ्या नणंदेनं लुगडं मांडीवर घेतलं, त्यावर नारळ ठेवला आणि म्हणाली, "आमी माहेरचे हावो. धोंडाबाईले घ्यायले आलो."

दुकानातली पिंजण थांबली. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता हसतील, किंवा पुढाकार घेऊन मीच सगळं समजावून सांगावं. पण हमीदाबी हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"बहुत देर कर दी आप लोगों ने," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. घर त्यांच्या सासूनं धोंडाबाईच्या हातून विकत घेतलं होतं. धोंडाबाईची नातवंडं आता कुठे कुठे परदेशात, इकडे कोणी फिरकत नाही. पण वरच्या खोलीला घरात अजून 'बाईका कमरा' म्हणतात. आणि घर देताना धोंडाबाईनं सासूला एक अट घातली होती. "बोली, छत टपकती है, वो तुम देख लेना. मगर इस घर की औरत वोट छोड़ेगी तो मैं ऊपर से देखूँगी." हमीदाबींनी बोट वर केलं. "मेरी सास बुखार में गई वोट डालने. मैं जचकी के आठवें दिन गई. मेरी बहू को पूछो, निकाह में आई तो पहले उसका नाम लिस्ट में डलवाई, बाद में राशन कार्ड में."

पडद्यामागून सून म्हणाली, "हौ, सच्ची बात."

माझ्या नणंदेचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिची स्वप्नातली बाई कोणा परक्या घरात खरीखुरी निघाली होती. ज्यांना धोंडाबाईनं कधी पाहिलं नव्हतं, त्या बायाही तिला घाबरून मतं देत होत्या. ती म्हणाली, "कीर्तनाचं खरं हाय का?"

"कौनसा कीर्तन?"

"जाऊ द्या."

हमीदाबी काही वेळ त्या लुगड्याकडे बघत बसल्या. मग उठल्या आणि जिना चढून गेल्या. परत आल्या तेव्हा अंगावर बुरखा होता आणि हातात कापडाची पिशवी.

"अम्मी, किधर?" मुलगा उभाच राहिला.

"मायके," हमीदाबी म्हणाल्या. "वो लेने आए हैं, घर से कोई तो जाना. खाली हात भेजेंगे क्या मेहमान को?"

परतीच्या गाडीत त्या दोघी खिडकीशी बसून बोलत होत्या आणि मी मागे बसून हिशेब करत होते. गावात धोंडाबाईच्या नातवाची अपेक्षा होती. शिवेवर मंडप होता, भाऊ येणार होते. बाई कुठे झोपतील, काय खातील, गाव काय म्हणेल, त्यांना कोणी वेडंवाकडं बोललं तर काय करायचं. ती काळजी त्या दोघींपैकी कोणीच करत नव्हतं, म्हणजे ती माझ्याकडे आली.

शिवेवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊंची गाडी आली नव्हती. त्यांना दुसऱ्या एका गावी सांत्वनाला जावं लागलं होतं. त्या वर्षांत असं होई. पण गाव जमलं होतं, आणि काढून टाकायला सांगितलेला फ्लेक्स तसाच होता. हमीदाबींनी मान वर करून विचारलं, "ये कौन?"

"मसालेवाली," माझी नणंद म्हणाली. "तिच्याकडे लक्ष देऊ नोको."

सरपंचाचा नवरा पुढे आला. त्यानं बुरखा पाहिला, आमच्या मागे रस्त्यावर आणखी कोणी आहे का ते पाहिलं, आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आत्या, काय करून राहिली तू? नातू कुठी हाय?"

"नातू नाही. धोंडीच्या घरची बाई हाय."

"अवो, पण हे..."

"हे काय?"

त्यानं मान वळवून मागच्या माणसांकडे पाहिलं. वाईट कोणी नव्हतं त्यांच्यात; काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं, एवढंच. सगळा गाव शिवेवर आडवा उभा होता, आणि पलीकडे दोन म्हाताऱ्या आणि मी. माझ्या नणंदेनं हमीदाबींचा हात धरला होता. ती कोणाला ढकलून पुढे जाणारी नव्हती. गावानं वाट दिली असती तरच ती शीव ओलांडणार होती, नाही तर दमणीसारखी मागे फिरणार होती, आणि मला स्पष्ट दिसलं की या खेपेला फिरली तर ती परत आमच्या घरात लेक म्हणून राहणार नाही.

मला भाषण येत नाही. मला येतं ते मी केलं. पिशवीतून उरलेली भाकर काढली, तुकडा मोडला, बाटली काढली आणि गर्दीत बघून म्हटलं, "सरपंचबाई, लेक दारात उभी आहे. भाकरतुकडा कोण ओवाळणार? घर तुमचं आहे."

पाटलांची सून माणसांच्या मागे, बायांत उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच 'थांब' म्हटलं असावं. ती चालत आली, त्याच्याजवळ आल्यावर म्हणाली, "सरका जरा," आणि माझ्या हातून भाकर घेतली. हमीदाबींवरून तीनदा ओवाळून लांब फेकली. पायांवर पाणी घातलं. मग, मला वाटतं पहिल्यांदाच, गावासमोर मोठ्यानं बोलली.

"या आत्याबाई. लई वाट पाह्यली आमी."

वाट कोणी पाहिली नव्हती. पण खोटं असलं तरी ते माहेरचं बोलणं होतं, आणि माहेरी असंच बोलतात.

संध्याकाळी पाटलांच्या अंगणात बाया जमल्या. ओटी भरायची तर कुंकवाचं कसं, असा प्रश्न निघाला. हमीदाबी स्वतःच म्हणाल्या की मी बेवा आहे, कुंकू नको. सरपंचबाईनं करंडा बाजूला ठेवला आणि तांदूळ, खोबरं, गूळ त्यांच्या पदरात घातलं. माझ्या नणंदेनं हिरवं लुगडं त्यांच्या खांद्यावर पसरलं. हमीदाबींनी आपल्या कापडी पिशवीतून एक छोटी, नव्या कापसाची उशी काढून सरपंचबाईला दिली. मग त्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मेरेकू लेने बहुत साल से कोई नहीं आया. बाळापूर मेरा मायका. भाई गया, घर गया, किसकू याद रहता."

कोणीतरी म्हणालं, "माझं तिवसा." मग दुसरी म्हणाली, "माझं दर्यापूर." कोणी सांगा म्हटलं नव्हतं. एकेक बाई आपल्या गावाचं नाव घेत गेली, उखाण्यात नवऱ्याचं घेतात तसं, थोडं लाजून, थोडं आवाज चढवून. बार्शीटाकळी. अचलपूर. मंगरूळपीर. धामणगाव. नावं त्या मंद वाऱ्यात अंगणभर तरंगत राहिली, दुपारच्या कापसासारखी, आणि कोणालाच ती खाली बसावीत असं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "पातूरच्या अलीकडे." शेवटी सगळ्या माझ्या नणंदेकडे बघायला लागल्या. ती सावकाश हसली.

"माझं तर हेच," ती म्हणाली.

आता ती थकली आहे. दृष्टी मंद झाली आहे, ढग तिला दिसत नाहीत, मी सांगितलं की सुपडा आलाय, तर म्हणते, "नाही वं, तुले काय समजते, तो म्हसोबा असन." तो फ्लेक्स पहिल्याच वादळात गेला. शिवेवर आज काहीच नाही, पाटी नाही, दगड नाही. पण उन्हाळा लागला की पाटलांची सून, आता सरपंच नसली तरी, अकोल्याला माणूस पाठवते. आधी हमीदाबी येत. त्या गेल्यावर त्यांची सून येते. माझ्या नणंदेला दोघींमधला फरक आताशा कळत नाही. ती तिचा हात हातात घेते, बराच वेळ धरून ठेवते आणि विचारते, "धोंडे, रस्त्यात ऊन लागलं का गं?" आणि ती गादीवाल्याची सून म्हणते, "नाही आत्या, नही लगा."

त्या वेळचं एवढंच सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक भिजवून झाकून ठेवली, नवऱ्याला सांगितलं की पोळ्या आपल्या आपण लाटून घ्या, आणि हमीदाबींना पोचवायला म्हणून स्टँडवर गेले. गाडी लागली तशी त्यांच्या मागोमाग मीही चढले. अकोल्यात त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, पातूरची गाडी धरली आणि दुपारी माहेरच्या दारात उभी राहिले. भावजय चुलीपुढे होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"वो माय! घ्यायले कोन गेलं होतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "सरक, मी थापते भाकरी. तू बस."